हैतीचा कोणी टेनिसपटू वर्ल्ड लेव्हलला खेळलाय का?

हो, रोनाल्ड एजेनॉर. जन्म 1964 चा, तोही हैतीत नाही, मोरोक्कोतल्या रबातला, पण खेळला हैतीच्या झेंड्याखाली, डेव्हिस कप आणि 1988 चं सोल ऑलिम्पिक धरून. 1989 मध्ये रँकिंग 22 पर्यंत गेलं, मागे धड टेनिस फेडरेशनचा पैसा नसलेल्या देशासाठी हे म्हणजे लईच झालं. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या क्वार्टर फायनलला पोचला आणि समोर आला 17 वर्षांचा मायकल चँग, चार सेटमध्ये हरला, पण चँगने पुढे ती टूर्नामेंटच मारली त्यामुळे हरला तरी कोणा ऐऱ्यागैऱ्याशी नाही. टायटल्स तीन, अथेन्स, जेनोआ आणि बर्लिन.

मला विचाराल तर त्याची खरी मॅच 1994 ची, फ्रेंच ओपनचा पहिलाच राउंड, समोर डेव्हिड प्रिनोसिल. पहिले दोन्ही सेट टायब्रेकमध्ये (6-6 वर अडकलेला सेट सोडवणारा जादा गेम) हरला, दुसरा कोणी असता तर बॅग भरून निघाला असता, हा पठ्ठ्या पाचवा सेट 14-12 ने जिंकला, एकूण 71 गेम्स, तेही क्ले कोर्टवर, म्हणजे मातीच्या संथ कोर्टवर!

चौतिशीत परत टॉप 100 मध्ये आला होता. आता लॉस एंजेलिसकडे कोचिंग करतो.