पंप बॅगेतच राहतो, मुलगा काही बोलत नाही

प्रश्न : ताई, आमचा म्युच्युअल डिव्होर्स झालाय, मुलगा नऊ वर्षांचा, माझ्याकडे असतो, एकाआड एक शनिवार-रविवार वडिलांकडे. ते एका महाराजांच्या आश्रमात पूर्ण गुंतलेत, पगार तिकडे, मित्रही तिथलेच. मुलाला दमा आहे पण तिथे पंप बॅगेतच राहतो, अंगारा पुरतो म्हणे. आईने दीक्षा घेतली नाही तर तिचं वाईट होणार असं त्याला सांगतात, वर घरी बोलायचं नाही. परत आला की रात्री उठून मी आहे ना ते बघतो. पाठवणं बंद करू का?

उत्तर : स्वतःहून बंद करू नका, कोर्टाने ठरवलेली भेट तुम्ही मोडलीत की उद्या तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 26 खाली ताब्याचा आदेश नंतरही बदलून मागता येतो, फॅमिली कोर्टात तसा अर्ज करा. पण अर्जात महाराज खरे की खोटे हा वाद घालूच नका. कोर्ट मुलाचं हित बघतं, आणि वडिलांना त्यांची श्रद्धा ठेवायचा हक्क आहेच. तुमची बाजू पंपावर भक्कम आहे. रोजचा पंप त्रास नसतानाही घ्यायचा असतो आणि अटॅक आला तर दुसरा पंप लगेच हाताशी लागतो, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या, त्याचा फोटो वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, ते काय उत्तर देतात ते जपून ठेवा. मग मागणी नेमकी करा, औषध वेळेवर द्यायचं, मुक्काम आश्रमात नाही, आणि तोपर्यंत भेट दिवसाचीच.

मला जास्त काळजी त्या "घरी बोलायचं नाही"ची वाटते. इतक्या लहान पोराला आईच्या जिवाची भीती घालणं मला अजिबात मान्य नाही, मग ते कोणाच्याही नावाने असो. पण त्याच्यासमोर महाराजांना नावं ठेवलीत तर तो वडिलांची बाजू घेईल किंवा गप्प होईल. आल्या आल्या चौकशी नको, आधी जेवण, खेळ. स्वतःहून बोलला तर ऐका आणि स्पष्ट सांगा, मला काही होणार नाही, आणि तुझ्या बाबांवर तू प्रेम केलंस तर मला राग येत नाही. रात्री उठणं थांबत नसेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. तिथे असताना दम लागला आणि दवाखान्यात नेत नाहीत असं कळलं तर कोर्टाच्या तारखेची वाट बघू नका, 112 ला फोन करा, मुलांसाठीची 1098 हेल्पलाइनही आहे, हे दोन्ही नंबर त्यालाही पाठ करायला लावा.