कपॅसिटरवर किती चार्ज आहे हे गणितात काढताना आधी त्याची शाखा झाका

अरे, सूत्राकडे (चार्ज = कपॅसिटन्स गुणिले कपॅसिटरवरचे व्होल्ट) लगेच धावू नकोस. आधी प्रश्न नीट वाच: स्विच लावून बराच वेळ झालाय का? झाला असेल, तर कपॅसिटर पूर्ण चार्ज झालाय, म्हणून त्याच्या शाखेतून करंट शून्य. आकृतीतली ती शाखा बोटाने झाकून टाक आणि उरलेलं सर्किट सोडव.

समज, १२ व्होल्टची बॅटरी, तिला सिरीजमध्ये २ आणि ४ किलोओहमचे रेझिस्टर. ४ किलोओहमला समांतर एक शाखा, तिच्यात ३ किलोओहम आणि ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शाखा झाकलीस की करंट १२ भागिले ६, म्हणजे २ मिलिअँपिअर. ४ किलोओहमवर ८ व्होल्ट. आता बोट काढ. त्या ३ किलोओहमवर किती व्होल्ट? शून्य, कारण त्यातून करंटच नाही. बहुतेक जण इथेच घसरतात, उगाच त्याचा वाटा वजा करतात. म्हणजे कपॅसिटरवर पूर्ण ८ व्होल्ट, आणि चार्ज ५ गुणिले ८, ४० मायक्रोकूलंब. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट घालू नकोस हं.

तो ३ किलोओहम फक्त चार्ज व्हायला लागणारा वेळ वाढवतो. स्विच लावल्याच्या क्षणी मात्र उलट: रिकामा कपॅसिटर साध्या तारेसारखा धर.