सेंच्युरियनला येताय? मग शेजाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या सेंच्युरियनमध्ये नोकरी मिळतेय, बॉस आणि निम्मी टीम आफ्रिकानर (म्हणजे आफ्रिकान्स भाषा बोलणारे, मुख्यतः डच मुळाचे गोरे) आहे, सोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी येणार. ही माणसं म्हणजे तीच वर्णभेदवाली का? ती स्वतःच अमेरिकेत आसरा मागत असतील तर आपण तिकडे कशाला जायचं? आणि मुलीला आफ्रिकान्स माध्यमात घालावं का?

व्हिसा, पगार, घरभाडं, चोऱ्यामाऱ्या यांची माहिती तुम्हाला पन्नास ठिकाणी मिळेल. मी बरीच वर्षं याच भागात राहतेय, आजूबाजूची निम्मी घरं आफ्रिकानर आहेत, म्हणून फक्त या माणसांबद्दल लिहिते. जरा लांबेल.

पहिलं म्हणजे, समोरच्याचं जन्मसाल बघायची सवय लावा. तुम्ही ज्या गावात राहणार आहात त्याचं नाव १९९५ पर्यंत फर्वूर्डबर्ग होतं. हेंड्रिक फर्वूर्ड म्हणजे १९५८ ते १९६६ या काळातला पंतप्रधान, वर्णभेदाची घडी बसवणारा. तुमचा बॉस पन्नाशीचा आणि इथलाच असेल, तर तो फर्वूर्डबर्गात शाळेला गेला आणि त्याच्या मुली सेंच्युरियनमध्ये. गाव तेच, घरही कदाचित तेच. त्याला शाळेत शिकवलेला इतिहास वेगळा आणि मुलींना शिकवलेला वेगळा. दोघांना एका मापाने मोजलंत तर दोघांशीही पटणार नाही.

इतिहास ते १६५२ पासून सांगतात. त्या एप्रिलमध्ये यान फान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीतर्फे केपला, म्हणजे आजच्या केप टाउनला, उतरला. देश वगैरे वसवायचा बेत नव्हता. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस, पाणी मिळावं एवढंच काम. मग कंपनीने आपल्या काही नोकरांना शेतीसाठी मोकळं केलं, जर्मन आले, १६८८ च्या सुमारास फ्रान्समधून पळालेले ह्यूगनो प्रोटेस्टंट आले. क्रिकेटमुळे आपल्याला ड्यू प्लेसी आणि डिव्हिलियर्स ही आडनावं पाठ आहेत. ती मुळात या फ्रेंच मंडळींची.

जुन्या पिढीला घरी सांगितलं जात नसे ते पुढचं. केपमध्ये कंपनीने गुलाम आणले ते मादागास्कर आणि इंडोनेशियाच्या बेटांवरून, आणि आपल्याकडूनही: बंगाल, मलबार, कोरोमंडल. फान रीबेकच्याच घरात अँजेला नावाची बंगालची गुलाम बाई होती. पुढे ती मुक्त झाली आणि १६६९ मध्ये आर्नोल्डस बासॉन या गोऱ्याशी तिचं लग्न लागलं. आज कित्येक आफ्रिकानर घराण्यांच्या वंशावळीत ही बंगाली आजी निघते. २०२० च्या एका जनुकीय अभ्यासात आफ्रिकानरांमध्ये युरोपबाहेरचा वंश सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास निघाला. 'शुद्ध रक्ता'च्या नावाने अख्खं राज्य चालवलेल्या समाजाला हे पचायला वेळ लागला. हल्ली तिशीतली मुलं हे मजेत सांगतात. माझ्या एका सहकाऱ्याने डीएनए चाचणीचा निकाल आल्यावर मला ऑफिसात 'कझिन' म्हणायला सुरुवात केली होती.

भाषेचीही तीच गत. डच भाषा केपच्या स्वयंपाकघरांत आणि शेतांवर, गुलामांच्या आणि खोईखोई या मूळ रहिवाशांच्या तोंडी बदलत बदलत आफ्रिकान्स झाली. ती लिहिण्याचे सुरुवातीचे प्रयत्न चक्क अरबी लिपीत झाले, केपच्या मदरशांमध्ये. १८७५ मध्ये पार्ल गावात काही गोऱ्या मंडळींनी संस्था काढून ही आपली, देवाने दिलेली भाषा असं जाहीर केलं. पण २०११ च्या जनगणनेत घरी आफ्रिकान्स बोलणारे गोरे होते सुमारे २७ लाख, आणि 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचे, म्हणून नोंदलेले सुमारे ३४ लाख. म्हणजे ही भाषा ज्यांची ते बहुसंख्य लोक आफ्रिकानर समजलेच जात नाहीत. या समाजाचा आजचा निम्मा वाद याच गाठीत आहे.

ग्रेट ट्रेकबद्दल फार खोलात जात नाही. ब्रिटिशांनी केप घेतलं, १८३४ मध्ये गुलामगिरी बंद केली, आणि त्या दशकात हजारो बोअर (म्हणजे शेतकरी आफ्रिकानर) कुटुंबं बैलगाड्या जुंपून उत्तरेला निघाली. १६ डिसेंबर १८३८ ला ब्लड रिव्हरला झुलूंचा पराभव केला. त्या आधी त्यांनी देवाला नवस बोलला होता, त्यामुळे तो दिवस पवित्र झाला. १६ डिसेंबरला आजही सुट्टी असते, फक्त आता ती समेट दिन म्हणून. प्रिटोरियाच्या टेकडीवर या ट्रेकवाल्यांचं फूरट्रेकर स्मारक आहे. त्या दिवशी बरोबर बारा वाजता छतातल्या भोकातून ऊन आत येतं आणि खालच्या दगडी कबरपेटीवर पडतं. समोरच्या टेकडीवर १९९४ नंतर उभारलेलं फ्रीडम पार्क, स्वातंत्र्यलढ्याचं स्मारक, आहे आणि दोन्ही टेकड्या जोडणारा रस्ताही केलाय. दोन्ही बघा, त्याच क्रमाने.

बोअर युद्धावर मात्र थांबते, कारण तिथे आपलाही धागा आहे. १८९९ ते १९०२. ब्रिटिशांनी शेतं जाळली आणि बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं. तिथे सुमारे २६ ते २८ हजार बोअर मेले, त्यांत बहुसंख्य लहान मुलं. काळ्यांच्या वेगळ्या छावण्या होत्या, त्यांत निदान १४ हजार मेले. त्यांचं नाव पुढे कित्येक दशकं कुणी घेतलं नाही. आणि हजारो बोअर युद्धकैदी समुद्रापार पाठवले: सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन, हिंदुस्थान. हिंदुस्थानातल्या तळांमध्ये अहमदनगर आणि सातारा होते.

मी नगरची. शेजारच्या काकांना (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला 'ओम' म्हणतात, बाईला 'टानी') पहिल्यांदा गाव सांगितलं तेव्हा ते काही न बोलता आत गेले आणि सिगारच्या डब्याएवढी लाकडी पेटी घेऊन आले. झाकणावर वेलबुट्टी, खाली चाकूने कोरलेलं 'अहमदनगर १९०२'. पणजोबांनी कैदेत वेळ घालवायला केलेली. टानीने त्यात शिवणाची बटणं ठेवली होती. नगरचा किल्ला म्हणजे माझ्यासाठी नेहरू आणि 'बेचाळीसची' अटक, यांच्यासाठी पणजोबांची. काही कैद्यांनी तर युद्ध संपल्यावरही ब्रिटिश राजाची शपथ घ्यायला नकार दिला. १९०३ च्या अखेरीस त्यांचाच सेनापती जनरल डे ला रे स्वतः हिंदुस्थानात जाऊन त्यांची समजूत घालून आला. त्या दिवसापासून ओमसाठी मी 'कॅम्पची मुलगी' आहे.

पण भारावून जाऊ नका. ब्रिटिशांशी लढणारा म्हणजे आपला, हे गणित इथे चालत नाही. याच बोअरांची ट्रान्सवाल आणि फ्री स्टेट ही दोन प्रजासत्ताकं होती. ट्रान्सवालमध्ये १८८५ च्या कायद्याने हिंदी माणसाचे हक्क कापले होते. फ्री स्टेटने १८९१ मध्ये हिंदी लोकांना राहायलाच बंदी केली आणि ती १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. १९१२ मध्ये नामदार गोखले प्रिटोरियाला आले ते बोथा आणि स्मट्स या तेव्हा सरकारात असलेल्या दोघा माजी बोअर सेनापतींशी हिंदी मजुरांवरच्या तीन पौंडांच्या कराबद्दल बोलायला. नंतरच्या ग्रुप एरियाज कायद्याने, म्हणजे वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणाऱ्या कायद्याने, प्रिटोरियातल्या हिंदी लोकांना शहराच्या कडेला लॉडियमला हलवलं. तुम्ही किराणा आणायला तिथेच जाल. तिथल्या म्हाताऱ्या गुजराती दुकानदाराशी दोन गोष्टी बोला आणि मग ओमच्या घरी जा. तुम्ही इथे कोरे पाहुणे म्हणून येत नाही. 'हिंदी' हा इथला जुना रकाना आहे आणि लोक तुम्हाला आधी त्यातच बसवतील, गोरेही आणि काळेही.

आता 'तीच माणसं का' याकडे. युद्धानंतर हा समाज रस्त्यावर आला होता. १९३२ च्या कार्नेगी आयोगाने तीन लाखांच्या आसपास गोरे अतिदरिद्री असल्याचं नोंदवलं. इंग्रजांच्या शहरांत खाणकाम, रेल्वेतली हमाली. इथून त्यांनी संस्था उभारल्या: १९१८ मध्ये सानलाम ही विमा कंपनी आणि ब्रूडरबोंड ही पुढे गुप्तपणे चाललेली संघटना, १९३४ मध्ये फोक्सकास बँक, सोबत वर्तमानपत्रं, शाळा, चर्च. १९२५ मध्ये आफ्रिकान्स अधिकृत भाषा झाली, १९३३ मध्ये त्या भाषेत बायबल आलं. १९३८ मध्ये ट्रेकच्या शताब्दीला बैलगाड्या देशभर फिरवल्या आणि गावोगावी लोक रडले. आज आपल्याला जो 'पुरातन' आफ्रिकानर बाणा वाटतो तो बराचसा या पन्नास-साठ वर्षांत घडवलेला आहे. आणि १९४८ मध्ये सत्ता मिळाल्यावर, दारिद्र्य भोगलेल्या या लोकांनी ते कायद्याने दुसऱ्यांवर लादलं. याला माझ्या मते कुठलीही सबब नाही. छावण्यांत मेलेली मुलंही नाहीत. १९७६ मध्ये सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या त्या आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीला विरोध केला म्हणून.

त्यांच्यातूनच वर्णभेदाविरुद्ध बेयर्स नौडे हा पाद्री आणि ब्रॅम फिशर हा वकील उभा राहिला. फिशरचे आजोबा ऑरेंज रिव्हर कॉलनीचे, म्हणजे युद्धानंतर ब्रिटिशांकडे गेलेल्या फ्री स्टेटचे, पंतप्रधान होते. त्याने रिव्होनिया खटल्यात मंडेलांचा बचाव केला आणि पुढे स्वतः जन्मठेप भोगली. ओमच्या पिढीत ही नावं शिवीसारखी घेतली जायची. १९९२ च्या सार्वमतात फक्त गोऱ्यांचं मतदान होतं आणि ६८ टक्क्यांहून जास्त लोकांनी वर्णभेद संपवणाऱ्या वाटाघाटींच्या बाजूने कौल दिला. ओमने विरोधात मत दिलं, टानीने बाजूने. दोघं ते उघड सांगतात आणि अजून त्यावरून भांडतात.

१९९४ मध्ये सरकार हातातून गेलं, तेव्हा त्यांनी पुन्हा जुनाच मार्ग धरला: स्वतःच्या संस्था. सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना, आफ्रिफोरम ही आफ्रिकानरांच्या हक्कांसाठीची संघटना, खासगी आफ्रिकान्स महाविद्यालयं. एका टोकाला ओरानिया आहे, १९९१ मध्ये वसवलेलं फक्त आफ्रिकानरांचं गाव, वस्ती तीनेक हजार. बातम्यांत ते जितकं दिसतं तितकं इथल्या आयुष्यात नाही. दुसऱ्या टोकाला असे तरुण आहेत जे स्वतःला आफ्रिकानर म्हणवतच नाहीत. आफ्रिकान्स बोलणारा दक्षिण आफ्रिकी, बस्स. मधले बहुतेक लोक रविवारी चर्च, शनिवारी रग्बी आणि मुलांच्या परदेशी नोकऱ्यांची काळजी यांत आहेत.

अमेरिकेचं म्हणाल तर, मे २०२५ मध्ये पन्नास-साठ आफ्रिकानरांची पहिली तुकडी तिकडे निर्वासित म्हणून उतरली. शेतांवरचे खून खरे आहेत, ती भीती खोटी नाही. पण हा देशच हिंसक आहे आणि मरणाऱ्यांत बहुसंख्य काळे, गरीब आहेत. 'गोऱ्यांचा वंशसंहार' ही थाप आहे आणि हे मला आफ्रिकानर लोकांनीच जास्त तावातावाने सांगितलंय. नोकऱ्यांतल्या आरक्षणाबद्दल मात्र तक्रार ऐकाल, रोज ऐकाल. आपल्याकडचं आरक्षण काढून तुमची साथ मागतील. मी त्या वेळी चहा करायला उठते.

ऑफिसात ही माणसं सरळ बोलतात, इंग्रजांसारखं गोलगोल नाही. मीटिंग इंग्रजीत सुरू होते आणि दोघं गोरे एकमेकांकडे वळले की आफ्रिकान्समध्ये घसरते. तिथल्या तिथे हसून 'इंग्रजीत बोलता का' म्हणा. मनात ठेवून कुढू नका, बहुतेकांच्या ते लक्षातही आलेलं नसतं. ब्राईला, म्हणजे कोळशावरच्या जेवणाला, बोलावलं तर आपलं भाजायचं सामान आपण न्यायचं असतं. शाकाहारी असाल तर चीज-टोमॅटो-कांद्याचा भाजलेला पाव, ब्राईब्रूइकी, हा तुमचा आधार. बोबोटी नावाच्या खिम्यात हळद, मसाला आणि बेदाणे सापडतील. ती केपच्या गुलामांची देणगी.

राहिली मुलगी. आफ्रिकान्स शाळा शिस्तीच्या, खेळाच्या आणि फीच्या मानाने उत्तम असतात, पण आठव्या वर्षी पूर्ण नव्या भाषेत टाकण्याइतकं कारण मला दिसत नाही, त्यातून तुम्ही पाच वर्षांत परत जायचं म्हणताय. इथल्या बहुतेक इंग्रजी शाळांत आफ्रिकान्स दुसरी भाषा म्हणून येतेच. शाळांच्या भाषाधोरणावर २०२४ च्या नव्या शिक्षण कायद्यापासून जोरदार भांडण चालू आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांना पुढच्या तीन वर्षांचं माध्यम स्पष्ट विचारा. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. कंपनी ऑगस्टमध्ये रुजू व्हा म्हणत असेल तर तुम्ही आधी या, बायको-मुलगी डिसेंबरच्या शेवटी येऊ देत. पण प्रवेशअर्ज बरेच महिने आधी भरावा लागतो, तेव्हा सही करण्याआधी एचआरकडून शाळांची यादी मागून घ्या.