आधी अभिप्राय लिही

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. साहेबांनी तुझ्या कायदेशीर अभिप्रायाची नस्ती, म्हणजे फाइल, परत पाठवली, ‘हा परिच्छेद काढा, काय ते मला तोंडी सांगा’ म्हणाले, आणि तू थेट सरकारी नोकरी सोडून हायकोर्टात वकिली करायच्या गोष्टी करायला लागलीस. राजीनाम्याचं नंतर बघू. परिच्छेद काढलास का, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मला तेवढंच हवंय.

काढू नकोस. अभिप्राय लेखीच दे, कारणांसह, खाली तुझी सही.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. भूसंपादनाचं प्रकरण. जिल्हा न्यायालयाने मोबदला वाढवून दिला होता, अपिलात काही दम नव्हता. मी तसं लिहिलंही. मग फोन आला आणि मी पान बदललं: ‘प्रशासकीय विभागाने आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा.’ अपील झालं, तेही मुदत उलटल्यावर, विलंबमाफीच्या अर्जासकट. नऊ वर्षांनी फेटाळलं गेलं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात वाढीव मोबदल्यावर ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज होतं. ते तिजोरीतून गेलं. तो शेतकरी तोवर वारला होता. बढतीच्या यादीत माझं नाव होतं, घरात दोन मुलांची शिक्षणं होती. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, हे मी आजही म्हणतो. पण अभिप्राय मागितला होता आणि मी तो दिला नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही मत तोंडी दिलं नाही. फोन आला की ‘नस्ती पाठवा’. कितीतरी वेळा वर उलट निर्णय झाला. होऊ दे, तो त्यांचा अधिकारच आहे. मग कारणं लिहून सहीही त्यांनी करावी. लोक हेकट म्हणाले, म्हणू देत.

तू ज्येष्ठ वकील फली नरीमन यांचं उदाहरण दिलंस. जून १९७५ मध्ये त्यांनी केंद्र सरकारच्या वकिलाचं, अतिरिक्त सॉलिसिटर जनरलचं पद सोडलं, खरं आहे. पण ती आणीबाणी होती गं! तुझ्यापुढे एक परिच्छेद आहे. घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील होते, आधी मुंबई राज्याचे, मग महाराष्ट्राचे. सरकारचं वकीलपत्र इतकी वर्षं घेऊनही ताठ राहता येतं. आणि बाहेरचे अशील ‘तोंडीच सांगा’ म्हणत नाहीत, असं वाटतं का तुला?

टिपणीची भाषा साधी ठेव. कलमं, निवाडे पुन्हा तपास. तिथे चूक सापडली तर मात्र मीच रागावेन. सोमवारी नस्ती वर गेली की फोन कर. आईला इतक्यात काही सांगू नकोस, ती झोपायची नाही.

तुझा,
काका