पुढचा सेट घेण्याआधी

नागपूर, मे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. लेगोची बुगाटी शिरॉन गाडी पूर्ण उभी राहिलेली पाहून फार आनंद झाला. ३,५९९ तुकडे, तेही सेकंड-हँड सेटमधले, हरवलेल्या पिना शोधत शोधत जोडायचे म्हणजे चिकाटी लागते. फोटोखाली तू विचारलंस, "काका, आता पुढचा कोणता घेऊ?" सध्या कोणताच घेऊ नकोस. आधी हा मोड.

वाचून पोटात गोळा आला असेल, कळतं मला. पण तू ती गाडी पुस्तिका समोर ठेवून जोडलीस. पान उलटलं, तुकडा शोधला, दाबला, पुढचं पान. त्यात कमीपणा काहीच नाही. गाणं शिकणाराही आधी गुरूची बंदिश जशीच्या तशी घोकतो. मात्र त्या गाडीच्या पोटात आठ गतींचा गिअरबॉक्स आहे. तो कसा चालतो ते कागदावर काढून दाखव म्हटलं, तर आज तुला जमेल का? हे जमेपर्यंत तो सेट तुझा अर्धाच झाला आहे.

मोडायचा म्हणजे भसाभस उपसायचा नाही. आधी वरची बॉडी काढ, मग सीट, मग चाकं. गिअरबॉक्स उघडा पडला की थांब. चार दिवस तो टेबलावर तसाच राहू दे. एक्सल, म्हणजे गिअर ओवलेला दांडा, हाताने फिरव, गती बदल, कोणता गिअर कोणाला भिडतो ते बघ, दाते मोज, वहीत लिही.

मी ३२ वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत गिअर कापले, म्हणून या विषयावर जरा रेंगाळतो. लेगो टेक्निक ही लेगोची यंत्रांची मालिका. तिच्यातल्या साध्या गिअरचं मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप, १ मिलिमीटर आहे. मॉड्यूलला दात्यांच्या संख्येने गुणलं की पिच-व्यास, म्हणजे दाते जिथे भिडतात त्या वर्तुळाचा व्यास, मिळतो. म्हणजे ८ दात्यांच्या गिअरची त्रिज्या ४ मिलिमीटर, २४ दात्यांच्या गिअरची १२. दोघांची बेरीज १६. आता बीमवरच्या, म्हणजे भोकांच्या लांब पट्टीवरच्या, शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोज, बरोबर ८ मिलिमीटर भरेल. म्हणून ८ आणि २४ चे गिअर दोन भोकांच्या अंतरावर चपखल भिडतात. ८ आणि ४० घेतलेस तर ४ अधिक २०, म्हणजे तीन भोकं. १६ आणि २४ मात्र एका सरळ रेषेत बसत नाहीत, कारण बेरीज येते २०, आणि अडीच भोकं कुठून आणणार? १९७७ साली ही मालिका बाजारात आली, तेव्हापासून हा हिशेब तसाच आहे. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारखान्यात आम्ही जे कोष्टक भिंतीवर लावायचो, ते या प्लॅस्टिकच्या तुकड्यांत कोणीतरी आधीच घालून ठेवलं होतं.

मग डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधली गिअरची जोडणी, वेगळा काढ. त्याचा कवच-गिअर एका हाताने सावकाश फिरव, दोन्ही बाजूंचे एक्सल सारखे फिरतील. आता एक एक्सल चिमटीत घट्ट धर आणि कवच त्याच वेगाने फिरवत राहा. दुसरा एक्सल दुप्पट वेगाने पळेल. रहाटे कॉलनीच्या चौकात गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी, ते नेमकं याच्यामुळे शक्य होतं. हे वाचून समजतं, पण बोटांना जाणवतं तेव्हाच पक्कं होतं.

माझी एक चूक सांगतो, ती तुझ्या हातून होऊ नये. मी पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने क्रेनची विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र, बनवली. स्क्रूसारखे आटे असलेला वर्म गिअर आणि २४ दात्यांचा गिअर, म्हणजे हँडलचे २४ फेरे तेव्हा ड्रमचा एक. जोडून झालं आणि हँडल हलेचना. तीन संध्याकाळी मी गिअर बदलत बसलो, दाते तपासले, एक्सल वाकला असेल म्हणून बदलला. दोष निघाला एका राखाडी बुशचा, म्हणजे एक्सल जागेवर धरणाऱ्या छोट्या कडीचा. तो मी बीमला इतका चिकटवून दाबला होता की एक्सलला श्वास घ्यायला जागाच नव्हती. केसभर मागे ओढला आणि हँडल एका बोटाने फिरायला लागलं. तेव्हा अडकलं की गिअरवर संशय घेण्याआधी बुश बघ. आणि काळ्या व राखाडी पिनांची सरमिसळ करू नकोस. काळी पिन भोकात घट्ट बसते आणि जोड पक्का ठेवते, जुनी राखाडी मोकळी फिरते. ज्या जोडाने हलायचं आहे तिथे काळी पिन घातलीस तर सगळं यंत्र जड होतं.

सांगाडा डुगडुगत असेल तर तिरपा बीम घाल. गवंडी पायाची आखणी करताना दोरीवर ३, ४ आणि ५ फूट मोजून काटकोन पकडतो ना, तेच इथे चालतं. ७, ९ आणि ११ भोकांचे तीन बीम टोकाटोकाच्या भोकांत जोड. मोजायचं दोन भोकांमधलं अंतर, त्यामुळे ते होतात ६, ८ आणि १०, आणि कोपरा गुण्या लावल्यासारखा काटकोनात येतो. २०१८ मध्ये लेगोने याच शिरॉनची खऱ्या आकाराची गाडी बनवली होती, २,३०४ छोट्या मोटरींवर ताशी २० किलोमीटरने ती चालली. तिच्या बॉडीचे फोटो मोठे करून बघ. जिकडे तिकडे त्रिकोण दिसतील.

तुकडे लावताना रंगाप्रमाणे लावू नकोस, आकाराप्रमाणे लाव. ढिगातून लाल तुकडा डोळा लगेच शोधतो, पण काळ्या तुकड्यांच्या ढिगात एखादी काळी पिन शोधताना जीव जातो. महागड्या पेट्यांची गरज नाही. इतवारीत स्क्रू-नट ठेवायच्या खणांच्या पेट्या मिळतात, आणि संत्रा बर्फीचे रिकामे डबे घरात असतातच.

आपल्या गावाच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. सेकंड-हँड तुकडे धुताना पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावं, असं कंपनीच सांगते. मे महिन्यात दुपारी आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळवतं. तेव्हा पहाटेच्या पाण्यात धू, नाहीतर माठातलं थोडं मिसळ, आणि पंख्याखाली सुकव, उन्हात नको. खिडकीतल्या उन्हाने पांढरे आणि राखाडी तुकडे पिवळे पडतात. मोटर आणि स्टिकरचे तुकडे पाण्यात घालायचेच नाहीत. आणि कूलर लावलेल्या खोलीत बॅटरीच्या डब्यात सेल ठेवून विसरू नकोस. माझ्याकडच्या एका डब्यात सहा सेल चार महिने पडून राहिले. उघडला तेव्हा पांढरी खार साचलेली आणि पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या. तो डबा परत कधी चालला नाही.

पैशांचं थोडक्यात लिहितो. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. म्हणून नवा सेट आपल्याला इतका महाग पडतो. परदेशातल्या विक्रेत्यांकडून सुटे तुकडे ब्रिकलिंक या वेबसाइटवर मिळतात, पण चार पिनांसाठी टपाल आणि शुल्क भरणं परवडत नाही. वर्षभर यादी कर, दोघा-तिघांची मिळून एकदाच मागव. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर एकही सेट घेऊ नकोस, हे मी तुला बजावून सांगतो. आणि बंद खोका भाव चढेल म्हणून कपाटात ठेवायचा विचार मनात असेल तर तो काढून टाक. तो धंदा आहे, त्याचं गणित वेगळं आणि माणसंही वेगळी.

तुझ्या आत्याचं मनाला लावून घेऊ नकोस. "एवढा मोठा झाला अन् अजून खेळून राहिला," असं त्या म्हणाल्या, आणि तू फोनवर गप्प झालास ते मला जाणवलं. लग्नाच्या गोष्टी चालू असताना हे ऐकणं बोचतं. पण लेगो या नावातच डॅनिश भाषेतलं "छान खेळ" आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. त्यांना पुढच्या वेळी डिफरन्शियलचा एक्सल हातात धरायला दे. माझ्या आईने धरला होता, वयाच्या ७६ व्या वर्षी. अर्धा तास सोडला नाही.

आता पुढचं काम. सुपरकार पुरे झाली. गिअरबॉक्स समजला की त्याच तुकड्यांतून उसाच्या रसवंतीचा चरक बनव. पुस्तिका नाही, पान उलटायला नाही. तीन रोलर, बाजूला एकमेकांत अडकलेले गिअर, हाताने फिरवायचं मोठं चाक आणि वर घुंगरू. एकमेकांना लागून असलेले रोलर उलट दिशेने फिरले पाहिजेत, मधे किती गिअर घालायचे ते तू ठरव. ऊस आत जायला फट किती ठेवायची, तेही तूच ठरव. पहिल्यांदा जमणार नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा जमेल.

मधल्या काळात मोतीबागेच्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात एकदा जाऊन ये. वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडलेले दांडे कुठे अडकवले आहेत ते नीट बघ आणि चित्र काढून आण.

आमच्या घराजवळच्या रसवंतीवर अजून जुना चरक आहे, गिअर उघडे असलेला. रविवारी सकाळी नऊच्या आत ये, नंतर गर्दी होते आणि मालक चाक थांबवत नाहीत. मी त्यांना सांगून ठेवलंय की एक मुलगा दाते मोजायला येणार आहे. वही-पेन्सिल आण.

तुझा,
काका