जुन्या डिझेल जीपचा सायलेंसर काढून सरळ पाइप लावला तर पिकअप वाढतो का?

तुमची महिंद्राची एमएम ५४० जीप, सायलेंसर कुजलेला. तो टाकून मॅनिफोल्डपासून (इंजिनाला लागून धूर गोळा करणारा भाग) मागपर्यंत सरळ पाइप ओढायचा विचार आहे, आणि मेस्त, म्हणजे गॅरेजवाला मेकॅनिक, म्हणतो बॅक प्रेशर (एक्झॉस्टमधला उलटा दाब) गेलं की वाल्व्ह जळतात. पिकअप वाढणार नाही. वाल्व्हही जळणार नाहीत. सायलेंसर काढू नका हे मेस्ताचं म्हणणं बरोबर, त्यामागचं कारण मात्र साफ चूक. हे कारण गोव्यात डिचोलीपासून काणकोणापर्यंत प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं, म्हणून आधी तेच निस्तरतो.

डिझेल इंजिनाला बॅक प्रेशर 'लागत' नाही. कुठल्याच फोर-स्ट्रोकला लागत नाही. हा समज आला टू-स्ट्रोकवरून. आरएक्स १०० सारख्या गाडीत पाइपच्या फुगीर भागातून परत येणारी लाट ताजा चार्ज सिलिंडरमध्ये मागे ढकलते, तिथे पाइप बदलला की गाडी खरोखर मेली. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीतही पाइप मोकळा केल्यावर मिश्रण पातळ होतं आणि जेट बदलावा लागतो. तुमच्या पेजो इंजिनाला ना कार्ब्युरेटर, ना हवा अडवणारं थ्रॉटल. हवा येईल तेवढी येते, डिझेल पंप मोजून देतो. एक्झॉस्टमध्ये अडलेला प्रत्येक मिलिबार पिस्टनला ढकलून बाहेर काढावा लागतो, म्हणजे निव्वळ तोटा. वाल्व्ह जळतो तो टॅपेटला फट उरली नाही म्हणून, किंवा सीट नीट बसत नाही म्हणून. मेस्ताला एवढी काळजी असेल तर त्याने आधी ती फट मोजायचा फीलर गेज हातात घ्यावा.

आता तो तोटा किती, ते बघा. २,११२ सीसीचं इंजिन, ३,५०० आरपीएम, आणि सायलेंसरचा अडथळा ५० सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे साधारण ५ किलोपास्कल. हिशेब केला तर ३०० वॅटच्या आसपास येतं, पाऊण अश्वशक्तीसुद्धा नाही. सिलिंडरमध्ये कमी जळका वायू उरतो त्याचा फायदा धरून एक म्हणा. साठेक अश्वशक्तीच्या गाडीत ती एक कुणाच्याही पायाला कळत नाही, कळतो तो आवाज. आणि ज्यांना खरोखर फरक पडला, त्यांच्या गाडीला पाइप लावतानाच पंपाचा डिझेलचा स्क्रू अर्धा फेरा आत गेलेला असतो. मागून निघणारा काळा धूरच ते सांगतो.

म्हणून कापायच्या आधी मोजा. फ्रंट पाइपच्या सरळ भागात, मॅनिफोल्डच्या फ्लँजपासून (बोल्टच्या जोडापासून) साधारण १५ सेंटिमीटर खाली, ५ मिलिमीटरचं भोक मारा आणि त्यावर एम १० चा नट वेल्ड करा. नटात ब्रेकच्या लोखंडी नळीचा मीटरभर तुकडा बसवा, वायू तिथे थंड होतो. पुढे गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी जोडा. एका फळीवर ती यू आकारात बांधा, दोन्ही हात सव्वा मीटरचे, निम्म्यापर्यंत पाणी. पाणी थरथरून वाचता येत नाही, म्हणून नळीच्या तोंडाशी एक मिलिमीटर भोकाचं बूच घाला. उभ्या गाडीची रेस वाढवून काही कळत नाही, इंजिनावर लोड हवा. चोर्ला घाटाच्या चढावर सेकंड किंवा थर्डला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, आणि शेजारी बसलेल्याने दोन्ही हातांतल्या पाण्याच्या उंचीतला फरक वाचावा, एका हाताचा चढ नव्हे. झाल्यावर नटात बोल्ट घालून बंद.

फरक ३०-५० सेंटिमीटर असेल तर एक्झॉस्टला हात लावू नका. पिकअपचा चोर दुसरीकडे आहे: हवेचा ऑइल बाथ फिल्टर, नोझल, पंपाचं टायमिंग. सांगे-केप्याच्या लाल धुळीत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर उघडून बघा, तळाशी तेल नसतं, चिखल असतो. फरक मीटरच्या वर गेला तर कुठेतरी अडलंय. सायलेंसरचा इंजिनाकडचा फ्लँज सोडून तोच चढ पुन्हा चढा. आकडा पडला तर सायलेंसरच्या आतली पत्री सुटून आडवी आलीय. नाही पडला तर फ्रंट पाइप चेपलाय. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत टेल पाइपच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलेलंही सापडतं, त्याला खर्च काडीचा.

तुमचा सायलेंसर कुजलाच आहे, तेव्हा काही तरी नवं बसवणार. सरळ जाणारा पाइप हवाच असेल तर सायलेंसरमधूनच सरळ न्या: आत ५० मिलिमीटरचा जाळीदार पाइप, बाहेर १५० व्यासाची आणि ६०० लांबीची टाकी. तिचं आकारमान साडेदहा लिटर होतं, म्हणजे इंजिनाच्या पाचपट. याहून लहान टाकी घेतली तर डिझेलचा जाड आवाज तसाच राहतो. भरण म्हणून काचेची लोकर घालू नका, काजळी आणि तेलाने वर्षभरात ती लोण्यासारखी होते. स्टीलची लोकर आत आणि ती धरायला बाहेरून जाळी. टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचं भोक ठेवा, नाहीतर पाणी साचून तळ आधी जाईल. कुळ्याच्या बाजूला ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांना हे सांगायला नको.

पाइप दोन इंची एक्झॉस्टचा, बाहेरून ५०.८ मिलिमीटर, जाडी १६ गेज. या इंजिनाला तो पुरतो, अडीच इंचाने फक्त घुमणं वाढतं. वेल्डर दोन इंची म्हणून पाण्याचा जीआय पाइप पुढे करेल. तो बाहेरून ६०.३ असतो, कुठल्याच क्लॅम्पला बसत नाही, आणि त्यावरचा जस्ताचा धूर वेल्ड करणाऱ्याला संध्याकाळी थंडीताप आणतो. किनाऱ्यावरची खारी हवा साधा पाइप लवकर खाते, तेव्हा परवडत असेल तर ३०४ स्टेनलेस. पण तो तापला की जास्त वाढतो. तीन मीटर पाइप २०० अंशांनी तापला तर साधं लोखंड सुमारे ७ मिलिमीटर लांबतं आणि ३०४ दहाच्या वर. म्हणून चॅसिसला पट्टी वेल्ड करून पाइप कधीच जखडू नका. रबरावर लटकवा, आणि फ्रंट पाइपनंतर जाळीचा लवचिक तुकडा घाला. इंजिन फाउंडेशनवर हलतं, पाइप हलला नाही तर मॅनिफोल्डचे स्टड तुटतात, आणि स्टड काढायला हेड उतरवायची वेळ येते.

वेल्डिंग गाडीवर फक्त टाके घालण्यापुरतं, पूर्ण वेल्ड खाली काढून. तत्पूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची वायर सोडा. अर्थ वेल्डच्या शेजारीच लावा, चॅसिसच्या दुसऱ्या टोकाला लावलात तर करंट बेअरिंगमधून जातो. डिझेल लाइनपासून किमान ३५ मिलिमीटर अंतर, ब्रेकच्या पाइपपासून त्याहून जास्त.

टेल पाइपचं तोंड बॉडीच्या बाहेर काढा, मागच्या फाळक्याच्या आत नको. पावसाळ्यात ताडपत्री सोडून चालवता तेव्हा गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सगळा धूर आत ओढला जातो, मागे बसलेले अनमोड घाट चढेपर्यंत डोकं धरून बसतात. डाव्या बाजूलाही काढू नका, ती चालणाऱ्यांची बाजू.

घुमण्याचं, म्हणजे ठराविक वेगाला गाडीत भरून राहणाऱ्या जाड आवाजाचं, सांगायचं राहिलं. चार सिलिंडरचं इंजिन २,००० आरपीएमला सेकंदाला ६७ वेळा फायर करतं. तो सूर मारायला बंद टोकाचा फाटा पाइपला जोडायचा तर त्याची लांबी १.७ मीटर येते. जीपखाली तेवढी जागा कुठे? म्हणजे उघड्या पाइपवर नंतर इलाज नाही.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेंसर असलाच पाहिजे म्हणतो. आवाजासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीयूसीत आवाज मोजत नाहीत, धूर मोजतात, जुन्या डिझेलला मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचं माप). त्यामुळे पीयूसी मिळाली म्हणून पाइप चालतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि फेब्रुवारी ते मे काजूच्या बागायतीत गाडी घालत असाल तर हेही लक्षात घ्या: काजळीचे पेटते कण सायलेंसरमध्ये बरेचसे अडकतात, उघड्या पाइपमधून थेट सुक्या गवतावर पडतात.

वरचं सगळं बिनटर्बोच्या इंजिनाचं. टर्बो असेल तर टर्बोनंतरचा पाइप मोकळा केल्याचा फायदा खरा असतो, टर्बो लवकर फिरतो आणि एक्झॉस्टचं तापमान उतरतं. पण जुन्या टर्बोला वेस्टगेट (जादा वायू बाजूने सोडणारी झडप) नसेल तर तो मर्यादेबाहेर फिरू शकतो, बूस्ट गेज लावल्याशिवाय करू नका. आणि टिपरवाल्यांनी हे वाचून फ्रंट पाइप बदलू नये. एक्झॉस्ट ब्रेकची झडप तिथेच असते, ती काढून माल भरून घाट उतरायचा म्हणजे सगळा भार चाकांच्या ब्रेकवर.

मायलेज वाढेल का म्हणाल, तर नाही. टायरची हवा आणि नोझल बघा, पाइपने लिटरमागे मोजता येईल इतकं काही मिळत नाही. मेस्त ऐकत नसेल तर त्यालाच शेजारी बसवा आणि फळी त्याच्या हातात द्या.