परदेशी पाहुण्यांच्या मोठ्या कार्यक्रमात आपल्या शेतमालाचा प्रचार कसा करावा?

जी-२० सारखा कार्यक्रम आला की आपल्याकडच्या मालाचं ब्रँडिंग कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय. ब्रँडिंगचं नंतर बघू, आधी माल चांगल्या अवस्थेत पाहुण्यांच्या तोंडात कसा पडेल ते बघा.

मी मंगळवेढ्याकडची, घरची मालदांडी ज्वारी. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा आमच्या बचत गटाला अशाच एका कार्यक्रमात स्टॉल मिळाला. आयोजकांनी पीठ वीस दिवस आधीच मागवलं, तपासणीसाठी. मी फोनवर म्हटलं साहेब ज्वारी पाठवते, दळण आदल्या दिवशी करू, तर म्हणाले पीठच पाठवा. आता भाकरी थापणाऱ्या कुणालाही विचारा, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. तिथं गेल्यावर कळलं की हॉलमध्ये जाळ चालणार नाही, इंडक्शन दिलं. उकळतं पाणी घालून मळलं तरी कडा चिरतच होत्या, आणि जाळावर धरल्याशिवाय ती फुगणार कुठनं, पापुद्रा सुटलाच नाही. तासाभरात वातड. एका परदेशी बाईंनी तुकडा मोडून खाल्ला, हसून मान डोलावली आणि बाकीची भाकरी तशीच डिशमध्ये ठेवून गेल्या. माझ्या हातच्या भाकरीला गावात लग्नकार्यात बोलावणं येतं हो! ती डिश मला अजून दिसते.

आमचे भाऊजी म्हणतात बॅनर मस्त झाला, पेपरात फोटो आला, अजून काय पाहिजे. गटाचे निम्मे पैसे त्या बॅनरवर गेले. फोटो बघून एक पोतं तरी कुणी मागितलं का, हे मी तेव्हाही विचारलं होतं, अजून उत्तर नाही.

खरी जागा स्टॉल नाही, जेवणाची खरेदी आहे. जी-२० च्या दिल्लीतल्या शिखर परिषदेत राष्ट्रपतींच्या मेजवानीत राळा आणि सावा ही भरडधान्यं ताटात होती. पॅरिस ऑलिंपिकवाल्यांनी २०२४ ला ८० टक्के खाद्यमाल फ्रान्समधलाच घ्यायचं ठरवलं होतं, आणि पाव हिस्सा तर खेळांच्या ठिकाणापासून २५० किलोमीटरच्या आतला. म्हणजे मेनू ठरवणाऱ्या शेफला गाठा, चार-सहा महिने आधी.

आणि जीआय, म्हणजे मालाचं नाव त्याच्या गावाशी जोडणारं भौगोलिक मानांकन. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला मिळालं, पण म्हणून गावातल्या प्रत्येकाला ते पाकिटावर छापता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. ते काम आधीच उरकून ठेवा, कार्यक्रम तोंडावर आल्यावर होत नाही.

तपासणीचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, दाण्याची करा की, पिठाचीच कशाला. आणि द्राक्षं-डाळिंबवाल्यांना यातलं बरंचसं लागू नाही, त्यांचं फळ कापलं की झालं. भाकरीवाल्यांनी मात्र स्टॉलला हो म्हणायच्या आधी दोनच गोष्टी लेखी घ्या, जागेवर दळण आणि जाळ. भाऊजी, तुम्ही हे वाचणारच, पुढच्या खेपेला बॅनरच्या आधी छोट्या चक्कीचे पैसे बाजूला काढायचे.